निळ्या दिव्याखालच्या सिरिंजा

सकाळचे साडेनऊ वाजले होते. रक्ततपासणीच्या लॅबमध्ये पहिल्या फेरीचे नमुने लागले होते आणि धाकटी रिपोर्टांवर सह्या करत बसली होती. तेवढ्यात नवजात बाळांच्या वॉर्डातली नर्स आत आली. तिने दार लोटून घेतलं, खिशातून एक वापरलेली सिरिंज काढली आणि टेबलावर ठेवली. तळाशी दोनेक मिली पांढरं औषध उरलं होतं.

"वास घ्या," नर्स म्हणाली.

धाकटीने टोपण काढून सिरिंज नाकाजवळ नेली. वास पुसट होता, पण ओळखीचा. बरेच दिवस उघड्यावर राहिलेल्या तेलाचा. खवट.

"कालची आहे?"

"कालची. परवाच्या सिरिंजला पण येत होता. मी कुणाला बोलले नाही. मोठ्या बाईंना विचारायची माझी हिंमत नाही. तुम्ही पूर्वी तेलावर काम केलं होतं म्हणालात, म्हणून तुमच्याकडे आणली."

मोठ्या बाई म्हणजे औषधं मिसळायच्या खोलीच्या प्रमुख. धाकटीची नणंद, ताई. सासरी दोन सुनांत ही धाकटी, म्हणून ताई तिला धाकटी म्हणायच्या. नोकरीही ताईंनीच लावून दिली, आणि नाव त्यांच्या तोंडून इथवर आलं; आता झाडूवाल्या मावशीसुद्धा तिला 'धाकट्या मॅडम' म्हणत. ती बेचाळीस वर्षांची होती. ताईंची आई लवकर गेली आणि दोन्ही भावांना ताईंनीच वाढवलं. मला सासू नव्हती, पण सासूची उणीव ताईंनी कधी भासू दिली नाही, असं धाकटी हसत सांगायची. हे कौतुक आहे की तक्रार, ते ऐकणाऱ्याने ठरवावं.

ते पांढरं औषध म्हणजे फॅट. वेळेआधी जन्मलेल्या, दूध पचवू न शकणाऱ्या बाळांना ते पंपावर लावलेल्या सिरिंजमधून थेंब थेंब शिरेत जातं. रोज दुपारी चारला नव्या सिरिंजा वॉर्डात चढतात. सध्या वॉर्डात अशी नऊ बाळं होती.

धाकटीने एम.एस्सी.ला दोन वर्षं हेच केलं होतं. तेल अतिनील दिव्याखाली धरायचं आणि त्यातली फॅटी ॲसिडं किती बिघडली ते मोजायचं. मोजायला वापरायचं रक्तातलं हिमोग्लोबिन. चांगलं फॅट घातलं तर ते लाल राहतं. बिघडलेलं घातलं तर हळूहळू तपकिरी होतं. डोळ्याला ते फार उशिरा कळतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर नावाचं मशीन मात्र त्यातून एकेका रंगाचा प्रकाश पाठवतं आणि किती अडला ते सांगतं. चांगल्या हिमोग्लोबिनच्या आलेखावर शेजारी शेजारी दोन उंचवटे दिसतात. बिघडलेलं फॅट पडलं की दोन्ही खचतात आणि दूर उजवीकडे, लाल प्रकाशाच्या भागात, एक नवा उंचवटा डोकं वर काढतो.

तिने फ्रिजमधल्या उरलेल्या नमुन्याचं हिमोग्लोबिन काढलं, त्यात नर्सच्या सिरिंजमधला एक थेंब टाकला आणि नळी मशीनमध्ये ठेवली. वीस मिनिटांत उंचवटे खचले.

"म्हणजे खराबच," नर्स म्हणाली.

"इतक्यात नाही. ही वॉर्डातल्या उजेडात, उबेत दिवसभर पंपावर होती. थोडंफार बिघडणारच. ताजी बघायला हवी."

"म्हणजे मोठ्या बाईंकडे जायला हवं."

धाकटीने सिरिंजला टोपण लावलं आणि उरलेल्या रिपोर्टांवर सह्या उरकायला घेतल्या.

ती साडेअकराला खाली गेली. मिसळायच्या खोलीला मोठी काच होती. आत ताई टोपी, मास्क, हातमोजे घालून स्टुलावर बसल्या होत्या. समोरच्या निर्जंतुक कॅबिनेटची सरकती काच वर होती, आत निळसर दिवा जळत होता आणि दिव्याखाली ट्रेमध्ये दहा सिरिंजा ओळीने मांडल्या होत्या. नऊ बाळांच्या, एक तपासणीसाठी जास्तीची.

तो अतिनील दिवा जंतू मारायला असतो. कॅबिनेट रिकामं असताना, काच खाली ओढून लावायचा आणि काम सुरू करायच्या आधी बंद करायचा. औषध खाली ठेवून तो कोणी लावत नाही.

ताईंनी तिला पाहिलं. घड्याळाकडे बघून आणखी दहा मिनिटं त्या तशाच बसल्या. मग दिवा बंद करून बाहेर आल्या.

"काय गं? या वेळेला?"

"ताई, सिरिंजा दिव्याखाली ठेवता तुम्ही?"

"चाळीस मिनिटं. भरल्यावर. का?"

"कधीपासून?"

ताईंनी मास्क खाली ओढला. "ते बाळ गेलं तेव्हापासून."

ते बाळ दहा महिन्यांपूर्वी रक्तातल्या जंतुसंसर्गाने गेलं होतं. चौकशी झाली, मिसळायच्या खोलीत काही सापडलं नाही, कागदावर ताई मोकळ्या झाल्या. घरी त्या विषयावर कोणी बोललं नव्हतं. ताईंनीच बोलू दिलं नव्हतं.

"चौकशीत तर काही निघालं नव्हतं," धाकटी म्हणाली.

"त्या सिरिंजवर सही माझी होती. चौकशीला काय, ती संपली."

"पण फॅटवर तो दिवा पडला तर फॅट बिघडतं, ताई. वॉर्डात वास येतोय."

"कोण म्हणालं?"

"मी स्वतः घेतला वास."

"प्लास्टिकच्या आत आहे ते. दिवा आत जातो कुठे?"

"आत जात नसेल, तर आतले जंतू तरी कसे मरतील?"

हे तोंडातून निघून गेलं आणि धाकटीने जीभ चावली. ताईंनी एक हातमोजा काढला, मग दुसरा.

"तू रक्त तपासतेस, धाकटे. तुझ्या लॅबमध्ये मी नाक खुपसायला येते का कधी?"

"नाही येत. मला फक्त ती जास्तीची सिरिंज द्या. आणि एक दिवा न लावलेली भरून द्या, ताडून बघायला एक सीलबंद बाटलीही द्या. दोन्ही मोजते. माझं चुकलं तर तुमच्या पाया पडते."

ताईंनी नवे हातमोजे चढवले. मग आत गेल्या. सीलबंद बाटलीतून एक सिरिंज भरली, चांदीच्या कागदात गुंडाळली, त्या दहाव्या सिरिंजसोबत आणि एका न उघडलेल्या बाटलीसोबत खिडकीतून पुढे सरकवली.

"बाकीच्या नऊ फ्रिजमध्ये ठेवतेय. चारला वर जातील. त्याच्या आत सांग."

साडेबाराला धाकटी मशीनपुढे बसली. दुधासारख्या पांढऱ्या पाण्यातून मशीनलाही धड दिसत नाही, म्हणून प्रत्येक नळीमागे एक जोडीची नळी ठेवली, तेवढंच फॅट असलेली पण हिमोग्लोबिन नसलेली, वजा करायला. दिव्याखालचं एक. कागदात गुंडाळलेलं एक. दर पाच मिनिटांनी वाचन.

अर्ध्या तासाने दोन्ही रेघा जवळपास एकीवर एक आल्या होत्या. उंचवटे दोन्हींत खचले होते. दिव्याने काही फरक पडला नव्हता.

धाकटीने खुर्चीला पाठ टेकली. तिला एवढं हलकं वाटलं की स्वतःचीच लाज वाटली. ताई बरोबर होत्या. आता खाली जायचं, वाकून नमस्कार करायचा, ताई दोन शब्द सुनावतील, चार दिवस भावाला फोनवर किस्सा सांगतील, आणि संपलं. तिने कागद उचललाही.

पण रेघेच्या सुरुवातीवर तिची नजर अडकली. अगदी पहिल्याच वाचनात, फॅटने काही करण्याआधीच, उजवीकडे तो नवा उंचवटा थोडा वर होता. फ्रिजमधला नमुना आठ दिवसांचा होता. म्हणजे हिमोग्लोबिन आधीच अर्धंमुर्धं तपकिरी झालेलं आणि आपलं आपण आणखी बिघडत होतं. फॅट न घातलेली नळी तिने ठेवलीच नव्हती. कॉलेजात पहिल्या आठवड्यात शिकवतात ती चूक. सकाळची चाचणी कुचकामी होती आणि आत्ताचीही. या कागदावरून ताई बरोबर ठरत नव्हत्या, चूकही ठरत नव्हत्या. काहीच ठरत नव्हतं.

तो कागद ती खाली नेऊ शकली असती. मशीनने काढलेला होता, खोटा नव्हता. रेघा कशा वाचायच्या हे या इमारतीत तिच्याशिवाय कोणाला ठाऊक नव्हतं. ती उठली, कागद हातात घेऊन दारापर्यंत गेली, आणि परत येऊन तिने वॉर्डात फोन लावला.

"माझं रक्त काढायला येशील का?" तिने नर्सला विचारलं. "आत्ता. ताजं हवंय."

नर्स आली तेव्हा सव्वा वाजून गेला होता. धाकटीने बाही वर केली. पाच मिली रक्त निघालं. ते धुवायचं, पेशी वेगळ्या करायच्या, शुद्ध पाण्यात फोडायच्या, फिरवून गाळ खाली बसवायचा. ह्यातलं काही घाईने होत नाही. रक्त फिरवायचं यंत्र गरगरत असताना धाकटीने ताईंकडच्या सिरिंजसारखीच एक रिकामी सिरिंज कापली, तिच्या भिंतीचा तुकडा स्पेक्ट्रोफोटोमीटरच्या प्रकाशाच्या वाटेत उभा केला आणि त्या दिव्यासारखाच अतिनील प्रकाश निवडला. साधारण चौथा हिस्सा पार जात होता. दिवा आत जात होता तर.

"आता मला कोणती नळी कुठली ते कळता कामा नये," ती नर्सला म्हणाली. "तू भर. वर नुसते आकडे टाक, एक ते चार. दिव्याखालची, कागदातली, सीलबंद बाटलीतली आणि फॅट नसलेली. कुठला आकडा कशाचा ते लिहून खिशात ठेव."

"माझ्यावर एवढा भरवसा?"

"माझा माझ्यावर नाही. मला ताई बरोबर यायला हव्यात. डोळा हवं ते बघतो."

दोनला वाचन सुरू झालं. पहिली दहा मिनिटं चारही रेघा शहाण्यासारख्या एका जागी राहिल्या. मग तीन नंबरची हलली. पंधराव्या मिनिटाला तिचे उंचवटे स्पष्ट खाली आले, विसाव्याला उजवीकडचा नवा उंचवटा वर निघाला. एक, दोन, चार जागच्या जागी. धाकटीने नळ्या उजेडात धरल्या. डोळ्याला अजून चारही लालच दिसत होत्या.

अर्ध्या तासाने तीन नंबरमधलं तिसरा हिस्सा हिमोग्लोबिन बदललं होतं. तिने चारही पुन्हा भरायला लावल्या, आकडे बदलून. पंचवीस मिनिटं गेली. या वेळी एक नंबर कोसळला.

"सांग," ती म्हणाली.

नर्सने चिठ्ठी काढली. "आधी तीन, आता एक. दोन्ही वेळा दिव्याखालची."

तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. धाकटीने आलेख छापून घेतले.

"तू वर जा," धाकटी म्हणाली. "मी सांगेपर्यंत एकही सिरिंज लावू नकोस. विचारलं तर माझं नाव सांग."

ताई फ्रिजपाशी ट्रे काढत होत्या. धाकटीने आलेख टेबलावर पसरले आणि बोट ठेवून सांगितलं. पहिली चाचणी कशी वाया गेली तेही सांगितलं, झाकून ठेवलं नाही. ताई हुशार बाई. दोन मिनिटांत समजल्या. पण लगेच मानलं नाही.

"एका सिरिंजवरून?"

"दोनदा मोजली. कोणती कुठली ते न कळता. आणि ह्या नऊ तिच्याबरोबरच होत्या, त्याच ट्रेमध्ये."

"बिघडलेल्या फॅटने बाळाला काय होईल, ते तुझं मशीन सांगतं?"

"नाही."

"जंतूने काय होतं ते मी बघितलंय."

ताईंनी आलेखांची गुंडाळी केली, ड्रॉवरमध्ये ठेवली.

"ऐक. आज जाऊ दे ह्या. उद्यापासून मी दिवा लावणार नाही, शब्द देते. कागद माझ्यापाशी राहू दे. कुणाला काही बोलायची गरज नाही. निवृत्तीला दीड वर्ष राहिलंय माझ्या."

लग्नाच्या अठरा वर्षांत ताईंनी तिच्याकडे काही मागितलं नव्हतं. धाकटीला वाटलं, हो म्हणावं. एकच दिवस. इतके महिने गेले तिथे एका दिवसाने काय होणार? मग तिची नजर ट्रेवर गेली. प्रत्येक सिरिंजवर चिकटवलेली पट्टी, पट्टीवर वजन. नऊशे ग्रॅम. अकराशे. सातशे चाळीस.

"ताई, कालपर्यंत आपल्याला माहीत नव्हतं," ती म्हणाली. "आज माहीत आहे."

तिने भिंतीवरचा फोन उचलला.

"लावायच्या आधी विचार कर, धाकटे." ताईंचा आवाज अजिबात चढला नव्हता. "तुला इथं मी आणलं."

"म्हणूनच तुमच्यासमोर लावतेय. मागे नाही."

बाळांच्या डॉक्टरांनी दुसऱ्या घंटेला फोन उचलला. तिने चार वाक्यांत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, किती खात्री आहे. पुरेशी, ती म्हणाली. डॉक्टर म्हणाले, साखरेची आणि प्रोटीनची बाटली चालू आहे, फॅट तीन-चार तास उशिरा गेलं तरी चालेल, पण आज ते हवंच. नव्या सिरिंजा भरायला सांगा. बाकीचं उद्या बघू.

भरणार कोण, हा प्रश्नच नव्हता. त्या पाळीत कॅबिनेटवर बसायचं प्रशिक्षण फक्त ताईंचं झालं होतं.

ताईंनी ट्रे पुढे ओढला. मग एक एक सिरिंज उचलून टाकून द्यायच्या पेटीत टाकली. नऊच्या नऊ. हात धुवायला गेल्या आणि नळापाशी पाठमोऱ्या उभ्या राहून म्हणाल्या, "सिरिंजांवर दिवा नाही लावणार. पण तू काचेपाशी उभी राहायचं. हललीस तर बघ."

धाकटी काचेपाशी उभी राहिली. ताईंनी रिकाम्या कॅबिनेटमध्ये दिवा लावला, वेळ भरल्यावर बंद केला, काच वर केली, सगळं पुसून काढलं आणि भरायला बसल्या. तीस वर्षांचा सराव असूनही पहिली सिरिंज लगेच जमेना. बाटलीच्या बुचाला सुई टेकली, मागे आली, पुन्हा टेकली. ताईंनी डोळे मिटले, उघडले. दुसरी जमली. चौथीच्या वेळी त्यांनी मान वळवून काचेकडे बघितलं, धाकटी आहे ना याची खात्री केली आणि पुढे गेल्या. नऊ भरायला तासाभराहून जास्त लागला. शेवटची कागदात गुंडाळून झाल्यावर त्या खिडकीशी आल्या.

"आज ह्यातून काही झालं तर?"

"तर दोघींच्या हातून झालं."

"तुझी सही नाही त्यावर."

धाकटीने खिशातलं पेन काढलं आणि ट्रेसोबतच्या कागदावर ताईंच्या सहीखाली 'समक्ष पाहिले' असं लिहून आपली सही केली. तिला तसा अधिकार नव्हता. ताईंनी अडवलं नाही.

त्या सिरिंजांतून काही झालं नाही. पण पुढचे दिवस सोपे गेले नाहीत. चौकशी बसली, ताईंना मिसळायच्या खोलीतून काढून साठ्याच्या खोलीत बसवलं. कॅबिनेटचा दिवा काच वर असताना लागूच नये अशी सोय असते. सिरिंजा मध्येच फिरवता याव्यात म्हणून ती सोय आपण चिकटपट्टी लावून बंद पाडली होती, हे ताईंनी मान्य करून लिहून दिलं. धाकटीच्या नवऱ्याची अवस्था इकडे आड तिकडे विहीर. तो बायकोला चूक म्हणाला नाही, पण बहिणीच्या घरून आला की जेवताना खाली मान घालून जेवायचा. ताईंनी घरी येणं सोडलं. हॉस्पिटलच्या जिन्यात समोर आल्या तर भिंतीच्या बाजूने जात. धाकटीही त्यांना थांबवत नव्हती. बोलायचं तरी काय? रात्री अंथरुणावर पडली की तिला वाटायचं, मी बरोबर केलं, आणि तरी मला कुणीतरी रागवायला हवं.

पाचव्या आठवड्यात, एका दुपारी, ताई लॅबमध्ये आल्या. बसल्या नाहीत. हातात शाळकरी वही होती.

"दिवा लावायला लागले तेव्हापासूनची सगळी बाळं आहेत ह्यात," त्या म्हणाल्या. "साठ्याच्या खोलीत बसून जुने कागद काढले. त्रेसष्ट. नाव, तारीख, किती दिवस फॅट गेलं. ह्यांना बोलावून तपासायला सांग डॉक्टरांना."

धाकटीने वही उघडली. अक्षर नेहमीसारखं टपोरं, एक खाडाखोड नाही.

"चौकशीत कोणी मागितलं नव्हतं हे," ती म्हणाली. "तुमच्यावरच उलटेल."

"माहितीये."

"मग तुम्हीच द्या ना डॉक्टरांना."

"दारातून परत पाठवलं तर?"

"मी येते."

डॉक्टरांनी परत पाठवलं नाही. वही शेवटपर्यंत चाळली आणि चष्मा काढून म्हणाले, बहुतेक मुलं ठीक असतील, पण खरं सांगायचं तर कुणालाच नक्की माहीत नाही. बोलवू या सगळ्यांना. ताईंनी विचारलं, मी बसू का तपासणीच्या चिठ्ठ्या लिहायला? डॉक्टर हो म्हणाले.

पहिल्या दिवशी चार कुटुंबं आली. धाकटीने रक्त घेतलं, ताई कोपऱ्यातल्या टेबलाशी नावं लिहीत होत्या. सात महिन्यांची एक गुबगुबीत पोरगी आईच्या मांडीवरून टेबलावरचा कागद ओढायला बघत होती.

"तुम्ही इथल्या डॉक्टर का?" आईने ताईंना विचारलं.

"नाही. मी वॉर्डाचं औषध भरायचे. हिचंही मीच भरलं होतं."

"मग आठवत असेल ही तुम्हाला."

"नाव आठवतं," ताई म्हणाल्या. "वजन आठवतं. सातशे नव्वद. बघितलं मात्र आजच."

त्यांनी कागद पोरीच्या हातात दिला आणि चिठ्ठी लिहायला दुसरा घेतला.